दीड मीटरचे अंतर

सायकल हे गरिबाचे वाहन, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. म्हणणाऱ्याच्या स्वरात कधी कौतुक असते, कधी कीव. आम्हांला मात्र हे वर्णन अपुरे वाटते. सायकल हे उघडे वाहन आहे. तिला भिंत नाही, छप्पर नाही, पुढेमागे लोखंडाचे कवच नाही. तिच्यावर बसलेला माणूस पाठीमागून येणाऱ्या प्रत्येक अनोळखी चालकाच्या सद्बुद्धीवर भरवसा ठेवून पायडल मारीत राहतो. ज्याच्या हाती आपला जीव आहे त्याचा चेहराही त्याला दिसत नाही. त्याला फक्त आवाज ऐकू येतो. हा भरवसा बहुतेक वेळा सार्थ ठरतो, म्हणून तर सायकली अजून रस्त्यावर आहेत. पण जेव्हा तो फोल ठरतो, तेव्हा त्या माणसाच्या पाठीशी कोण उभे असते? कायदा उभा असतो, असे उत्तर शाळेतला मुलगाही देईल. तो कायदा नेमका कोठे उभा असतो आणि तेथून त्याला काय दिसते, याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, असे बरेच दिवस मनात होते.

आमच्या वसई पट्ट्याचा संसार कित्येक वर्षे सायकलीनेच ओढला. पहाटेच्या काळोखात दुधाच्या किटल्या हँडलला अडकवून, केळीचे घड अन् पानांच्या करंड्या कॅरिअरला बांधून माणसे स्टेशनकडे निघत. मोगऱ्याच्या टोपल्या अशाच गाडीपर्यंत पोहोचत आणि दिवस उजाडायच्या आत मुंबईच्या बाजारात उतरत. आम्ही स्वतः शिक्षकाच्या नोकरीची एकतीस वर्षे सायकलवरून शाळेत गेलो. वाटेत बावखले होती, वाड्यांची कुंपणे होती, वळणावळणावर क्रूस होते. मोटार दिसली की मुले हात हलवीत. आता बावखले बुजली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, ऑक्टोबर २०२० पासून या भागाला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले. गावाचे शहर झाले. त्याच रस्त्यांवर आता पाण्याचे टँकर, खडीचे डंपर, रिक्षा आणि मोटारसायकली यांची रीघ लागलेली असते.

या रेट्यातून सायकल नाहीशी झाली असेल, असे वाटणे साहजिक आहे. ती नाहीशी झालेली नाही. तिच्यावरची माणसे तेवढी बदलली. उरलेसुरले दूधवाले आहेत. रात्रपाळी संपवून परतणारे इमारतींचे रखवालदार आहेत. खांद्याला डबा लावून कामावर निघालेले गवंडी, रंगारी आणि सुतार आहेत. शाळेला निघालेली मुले-मुली आहेत. ज्यांना पर्याय आहे त्यांनी सायकल सोडली; ज्यांना नाही ते तिच्यावर उरले. म्हणूनच त्यांच्या बाजूने बोलणारा सहसा कोणी नसतो.

आमच्या आळीतील एक दूधवाले असेच उरलेल्यांपैकी. वय साठीच्या उंबरठ्यावर. धंदा वडिलांकडून आलेला. डिसेंबर २०२२ मधल्या एका पहाटे, पाच वाजण्याच्या सुमारास, स्टेशनच्या रस्त्यावर एक मोठे वाहन त्यांना घासून गेले. धडक म्हणावी अशी धडकही नव्हती. वाहनाच्या बाजूने किटलीला धक्का दिला, हँडल फिरले आणि ते डांबरावर डोक्यावर आपटले. वाहन थांबले नाही. पहाटे फिरायला निघालेल्या दोघांनी त्यांना रिक्षात घातले. सहाव्या दिवशी ते गेले. पंचनाम्यात वाहनाच्या पुढे दोन शब्द लिहिले गेले : ‘अज्ञात वाहन’.

अंत्यविधीला अवघे धर्मग्राम लोटले होते. दफनभूमीच्या दारात माणसे हलक्या आवाजात बोलत होती, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता. ‘सायकलला दिवा होता ना?’ कोणी म्हणे, एवढ्या पहाटे कशाला निघायचे? कोणी म्हणे, या वयात आता पुरे करायला हवे होते. दिवा होता. डायनामोचा, मुलाने नवा बसवून दिलेला. पण दिवा होता की नव्हता यापेक्षा आम्हांला वेगळेच काहीतरी टोचत राहिले. त्या गर्दीत कोणीही विचारले नाही की, वाहनाचा वेग किती होता? रस्ता मोकळा असताना ते एका म्हाताऱ्या माणसाच्या इतक्या जवळून का गेले? बोलणारे लोक निष्ठुर नव्हते; त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी त्यांनी वर्षानुवर्षे दूध घातले होते. तरीही मेलेल्याची चौकशी झाली आणि मारणाऱ्याची झाली नाही. दुर्बळाने आपला जीव सांभाळावा, बलवानाने आपला रस्ता कापावा, ही वाटणी आपण सर्वांनी मनोमन मान्य करून टाकली आहे.

ही एकाच आळीची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते आणि ३२ हजारांहून अधिक पादचारी. हे लोक कोणाला मारू शकत नव्हते. फक्त मरू शकत होते.

कायदा नाही, असे म्हणण्याची मात्र सोय नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८४ वे कलम धोकादायक वाहन चालवण्याविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला अधिक स्पष्ट केले. सिग्नल तोडणे, हातात फोन धरून गाडी चालवणे, उलट दिशेने येणे आणि नियमाविरुद्ध दुसऱ्या वाहनाला ओलांडून जाणे, हे सर्व त्या कलमात आता नाव घेऊन सांगितलेले आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्षापर्यंतचा कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपयांचा दंड, किंवा दोन्ही. पळून गेलेल्या वाहनाने मृत्यू ओढवला तर वारसांना भरपाई देण्याची योजनाही आहे. १ एप्रिल २०२२ पासून ती रक्कम दोन लाख रुपये झाली. त्या दूधवाल्यांच्या पत्नीचा अर्ज आम्हीच लिहून दिला. अर्ज लिहिताना ती माउली एवढेच म्हणाली, ‘सर, पैसे सरकार देईल. पण त्या माणसाला कोणी काही विचारणारच नाही का?’

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पण तो मनात घेऊन आम्ही रस्ता नव्याने पाहू लागलो, तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. वाहतूक पोलीस नाक्यावर उभा असतो. नाक्यावरून त्याला काय दिसते? हेल्मेट आहे की नाही, पाटी नीट आहे की नाही, सिग्नल तोडला की पाळला, गाडी कोठे उभी केली. तो जे पकडतो ते याच प्रकारचे असते. अलीकडे खांबांवर कॅमेरे आले. ते वेग टिपतात, सिग्नल टिपतात आणि घरी चलन पाठवतात. या सर्वांचा उपयोग आहेच. पण सायकलवाल्याचा जीव टांगणीला लागतो तो दोन नाक्यांच्या मधल्या पट्ट्यात, जेथे टँकर त्याच्या कोपराला वारा घालून पुढे जातो. पोलीस दिसला की तोच टँकर शहाण्यासारखा चालतो. टँकर आणि कोपर यांच्यात किती अंतर उरले होते, हे नाक्यावरून दिसत नाही आणि खांबावरूनही दिसत नाही. ते एकाच जागेवरून दिसते : सायकलच्या सीटवरून. आणि त्या जागी कायदा कधी बसलेला आम्ही पाहिला नव्हता.

असा बसलेला कायदा जगात आहे, हे आम्हांला २०२३ च्या नाताळात कळले. आमचा एक माजी विद्यार्थी इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे रुग्णालयात परिचारक आहे. तो सुटीत गावी आला आणि रिवाजाप्रमाणे भेटायला घरी आला. अंगणात गंजत पडलेली आमची सायकल पाहून हसत म्हणाला, ‘सर, सायकल सोडलीत?’

‘गुडघ्यांनी सोडायला लावली,’ आम्ही म्हणालो.

‘मी मात्र तिकडे जाऊन पुन्हा सायकलवर आलो. रात्रपाळीला सायकलनेच जातो.’

दूधवाल्यांची हकीकत त्याला घरी कळलीच होती. तो विषय निघाला आणि मग तो म्हणाला, ‘सर, आमच्याकडे पोलीसच सायकलवर बसतो. अंगावर गणवेश नाही, साधे कपडे. गाडी त्याला घासून गेली की तो वॉकीटॉकीवर पुढच्या माणसाला कळवतो, आणि पुढच्या वळणावर गणवेशातला पोलीस हात दाखवून गाडी बाजूला घेतो.’

‘दंड किती?’

‘पहिल्या वेळी दंड नाही. पंधरा मिनिटांची शाळा.’

शाळा हा शब्द ऐकताच आमच्यातला शिक्षक जागा झाला. त्याच्याकडून आणि नंतर वाचनातून जे समजले ते असे.

बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, वुल्व्हरहॅम्प्टन या शहरांची व्यवस्था वेस्ट मिडलंड्स पोलीस दलाकडे आहे. त्या दलाच्या वाहतूक शाखेने सप्टेंबर २०१६ मध्ये हा प्रयोग सुरू केला. साध्या वेषातील पोलीस सायकलवर कॅमेरा लावून नेहमीच्या गजबजलेल्या रस्त्यावरून जात असे. एखादा चालक अंगाशी घासून गेला की चित्रण झालेले असे, आणि पुढे थांबलेला सहकारी त्या चालकाला अडवी. चालकापुढे दोन वाटा ठेवल्या जात : न्यायालयात जा, किंवा येथेच पंधरा मिनिटे थांबून आम्ही सांगतो ते ऐका. बहुतेक जण दुसरी वाट धरीत. ज्याचे वागणे फारच धोक्याचे असेल, किंवा जो दुसऱ्यांदा सापडला असेल, त्याला मात्र ही सवलत नसे. त्याच्यावर खटला होई. अडवलेल्या चालकाला वीस मीटरवरची गाडीची पाटी वाचून दाखवावी लागे. कारण ज्याला पाटी वाचता येत नाही त्याला सायकलवाला तरी कसा दिसणार?

त्या पंधरा मिनिटांच्या शाळेचा फळा म्हणजे जमिनीवर अंथरलेली एक मोठी चटई. तिच्यावर रस्त्याची कड, सायकल आणि मोटार यांच्या जागा आखलेल्या असत. सायकलस्वार रस्त्याच्या कडेला अगदी चिकटून का चालत नाही, हे चालकाला तेथे दाखवीत. कडेला गटाराच्या जाळ्या असतात, खड्डे असतात, उभ्या मोटारीचे दार अचानक उघडते. म्हणून त्याने कडेपासून थोडे आत चालणे हा उद्धटपणा नसून शहाणपणा आहे. त्याच्या आणि तुमच्या गाडीच्या मध्ये निदान दीड मीटर जागा हवी. आणि तेवढी जागा मिळत नसेल तर मागे थांबा, समोरून रस्ता मोकळा झाला की मग जा. सांगायचे ते एवढेच. दीड मीटर म्हणजे जेमतेम एका माणसाच्या लांबीएवढे अंतर. सायकलवाला पडलाच, तर तो चाकाखाली पडू नये इतके.

आमच्या विद्यार्थ्याच्या रुग्णालयातील एक बाई अशाच अडवल्या गेल्या होत्या. विसाव्या वर्षापासून गाडी चालवणाऱ्या, कधी अपघात नाही, कधी दंड नाही. आल्या त्या रागाने लाल होऊन. पोलिसांना चोर सापडत नाहीत म्हणून आमच्यासारख्यांना धरतात, असे म्हणत. दुपारच्या जेवणापर्यंत राग उतरला. मग म्हणाल्या, ‘त्यांनी मला चित्रण दाखवले. मला वाटत होते मी भरपूर जागा सोडली. तिथून पाहिले तर मी त्याला जवळजवळ ढकललेच होते.’ त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी रस्ता आजवर फक्त काचेच्या आतून पाहिला होता.

या प्रयोगात आम्हांला सर्वांत मोलाची वाटली ती त्यामागची विचारपद्धती. त्या पोलिसांनी आधी आपल्याच दप्तरातील मागील काही वर्षांचे अपघात काढून बसून वाचले. सायकलस्वार मेला किंवा जबर जखमी झाला अशा अपघातांत दुसरे वाहन जवळजवळ नेहमीच होते. बहुतेक अपघात चौकांच्या आसपास घडले होते, आणि त्यांत वारंवार आढळणारे कारण एकच : मोटारचालक बाजूच्या रस्त्यावरून पुढे आला, कारण त्याला सायकलवाला दिसलाच नाही. दिसला नाही म्हणजे डोळे अधू होते असे नव्हे. तो सायकलवाल्याला शोधतच नव्हता. मोठ्या गाडीकडून आपल्याला धोका असतो म्हणून ती दिसते. सायकलकडून आपल्याला काही धोका नसतो, म्हणून ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

येथे कोणी विचारील की, अपघात चौकात होत होते तर घासून जाणाऱ्यांना का धरले? त्या पोलिसांचे उत्तर मार्मिक होते. सायकलवाला हा पोलीसही असू शकतो, आणि त्याच्याशी निष्काळजी वागलो तर खटला होऊ शकतो, हे एकदा चालकाच्या मनात बसले की तो प्रत्येक सायकल पाहू लागेल; रस्त्यावर पाहील तशी चौकातही पाहील. शिवाय घासून जाणाऱ्या गाड्यांच्या भीतीनेच असंख्य लोक सायकल घराबाहेर काढीत नाहीत. ती भीती कमी करणे हेही पोलिसांचे काम आहे. आणि त्यांनी स्पष्ट सांगितले की, जेथे बहुतांश इजा चालकांच्या चुकीने होते, तेथे सायकलवाल्यांनाच दटावीत बसणे म्हणजे वेळ दवडणे. दफनभूमीच्या दारात ऐकलेला दिव्याचा प्रश्न आम्हांला येथे पुन्हा आठवला.

पहिल्या वर्षाअखेरीस त्या भागात सायकलस्वारांचे मृत्यू आणि गंभीर दुखापती सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे सांगण्यात आले. एका वर्षाच्या आकड्यावर फार मोठी इमारत उभारू नये, हे आम्ही जाणतो. पण इतर पोलीस दलांनीही हा मार्ग उचलला. २०१७ साली तेथील सायकलस्वारांच्या एका राष्ट्रीय संस्थेने लोकवर्गणी काढून तशा चटया देशभरातील पोलिसांना पुरवल्या. जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या रस्तेविषयक नियमपुस्तिकेत दुरुस्ती झाली, आणि ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने सायकल ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे, वेग जास्त असेल तर अधिक ठेवावे, असे त्यात छापून आले. आधी पोलीस सायकलवर बसला, चटई अंथरली गेली, आणि नंतर आकडा पुस्तकात आला, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आणखी एक गंमत म्हणजे, बर्मिंगहॅमच्या पोलिसांनी या कामासाठी नवा कायदा मागितला नव्हता. बेफिकीर वाहन चालवण्याविषयीचे त्यांचे कलमही १९८८ च्याच कायद्यातले. आपला कायदा आणि त्यांचा कायदा समवयस्क आहेत.

आमचा विद्यार्थी गावी असतानाच आपल्याकडे एक मोठी घडामोड झाली. २५ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, भारतीय न्याय संहितेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. अपघातात माणूस मारून खबर न देता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावास, असे एक पोटकलम तिच्या १०६ व्या कलमात होते. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी ट्रकचालकांनी त्याविरुद्ध चाके थांबवली. पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या, आणि चर्चेचे आश्वासन मिळाल्यावर चाके पुन्हा फिरू लागली. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते पोटकलम तेवढे बाजूला ठेवण्यात आले होते. ट्रकचालकांचे सारेच म्हणणे चुकीचे होते, असे आम्ही म्हणणार नाही. थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही, ही त्यांची भीती खोटी नाही. तेही दुसऱ्याच्या मालासाठी झोप मोडून गाडी हाकणारे कष्टकरीच. पण आमच्या मनात त्या आठवड्यात दोन चित्रे शेजारी शेजारी उभी राहिली. एकीकडे कागदावरची दहा वर्षे, जी माणूस मेल्यानंतरच जागी होणार होती आणि जिने देश दोन दिवस थांबवला. दुसरीकडे रस्त्याच्या कडेला अंथरलेली एक चटई, जी माणूस जिवंत असतानाच आपले काम करीत होती. जरब शिक्षेच्या लांबीने बसत नाही. आज, याच रस्त्यावर, कोणीतरी आपल्याला पाहत असेल, या खात्रीने ती बसते.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे सांगणारे आम्हांला भेटले. आपल्या रस्त्यांची रुंदीच एवढी कमी, दीड मीटर आणायचे कोठून? उत्तर चटईनेच देऊन ठेवले आहे : जागा नसेल तर मागे थांबावे. थांबल्याने अर्धे मिनिट जाते. आणि थांबणे जमत नसेल तर वेग तरी उतरावा. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्या धडकेची शक्ती चौपट होते, हे आम्ही विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवीत आलो. ताशी ६० किलोमीटरने जाणारा टँकर ३० वर आला तर अंतराची चूकही सोसण्याजोगी होते. दुसरा आक्षेप असा की, सायकलवालेही उलट दिशेने येतात, मधूनच वळतात. येतात; त्यांनाही शिकवावे, शाळेपासून शिकवावे. पण चुकीची किंमत दोघांना सारखी पडत नाही. सायकलवाल्याच्या चुकीने बहुधा तोच मरतो. टँकरवाल्याच्या चुकीनेही तोच मरतो. ज्याच्या हाती अधिक लोखंड त्याच्यावर अधिक जबाबदारी, एवढा न्याय समजायला वकिलाची गरज नाही. तिसरा आक्षेप पोलिसांच्या तुटपुंज्या संख्येचा. तो खरा आहे. म्हणूनच ही पद्धत आपल्याला अधिक उपयोगाची. तिला दोन-तीन शिपाई, एक सायकल, एक कॅमेरा आणि एक चटई पुरते, आणि त्यातला कोणता सायकलवाला पोलीस आहे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे एकाची वचक शंभर सायकलींना मिळते.

आपल्या श्रद्धेलाही या विषयाचे वावडे नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवेचनात रस्त्याचा उल्लेख आहे. मद्याच्या नशेने वा वेगाच्या हव्यासाने जे इतरांचा जीव धोक्यात घालतात, त्यांच्यावर गंभीर दोष येतो, असा त्याचा आशय. जून २००७ मध्ये परमधर्मपीठाच्या एका परिषदेने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, आणि त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्यांतली नववी रस्त्यावरच्या दुर्बळ घटकाच्या रक्षणाविषयी आहे. आपण पापनिवेदनाला जातो तेव्हा रागाचे, लोभाचे, खोट्याचे हिशेब करतो. स्टेशनच्या रस्त्यावर एका रंगाऱ्याच्या कोपराजवळून किती वेगाने गेलो, याचा हिशेब त्या यादीत कितीजण धरतात? रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या मोटारी आता थोड्या नाहीत. त्याच वेळी त्याच रस्त्याने सायकलवरून जाणारा रखवालदार कोणत्या धर्माचा, कोणत्या प्रांताचा, हे आपल्याला ठाऊक नसते. ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही.

वाचकांपैकी कोणी या बाबतीत काही करू इच्छित असेल, तर सुरुवात फार लहान करता येईल. आपल्या भागात सायकली कोणत्या रस्त्याने, कोणत्या वेळी अधिक जातात, हे गावातल्या माणसाइतके कोणत्याच कचेरीला ठाऊक नसते. धर्मग्रामातील चार कुटुंबांनी आठवडाभर त्याची नोंद करावी. कोठे घासून जाणे अधिक घडते, त्या जागा नकाशावर दाखवाव्यात. तो कागद वाहतूक पोलिसांकडे न्यावा आणि एवढेच मागावे : आठवड्यातून एक पहाट, एक शिपाई साध्या वेषात सायकलवर, एक पुढच्या वळणावर. शाळांनी आपले मैदान द्यावे. तेथे चुन्याने रस्त्याची कड, सायकल आणि टँकर आखावेत. अडवलेल्या चालकालाच नव्हे, गाडी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही तेथे उभे करावे, आणि मग त्यांना सायकलवर बसवून शेजारून एक गाडी हळूच न्यावी. पंधरा मिनिटे पुरतात.

दूधवाल्यांच्या पत्नीला भरपाई मिळाली. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून मिळालेले नाही, आणि त्या वाहनाचा चालक सापडला तरी ते पूर्ण मिळेल, असे आम्हांला वाटत नाही. त्याला कोणीतरी विचारायला हवे होते, हे खरे. पण ते त्या डिसेंबरच्या पहाटेच्या आधी विचारायला हवे होते. कदाचित त्याआधी शंभर पहाटे तो असाच कोणाच्या तरी कोपराजवळून गेला असेल आणि पुढच्या वळणावर कोणीही हात दाखवला नसेल. आता धंदा त्यांचा मुलगा पाहतो. किटल्या घेऊन तो रोज साडेचारला निघतो, त्याच रस्त्याने.